भाकरीवरचं कच्चं तेल

परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. उरुसाची गर्दी ओसरू लागली की जिल्ह्यातल्या काळ्या रानांत करडई काढणीला यायची. ‘यायची’ म्हणतो, कारण या वर्षी करडईचं एक सलग वावर बघायला मला जिंतूर रस्त्यानं बरंच आत जावं लागलं. वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी, पुन्हा हरभरा. करडई कुठे दिसलीच तर ज्वारीच्या कडेनं, ढोरं आत शिरू नयेत म्हणून पेरलेल्या दोन-तीन तासांपुरती.

पहाटे साडेपाचला त्या वावरात चार बाया काढणीला उतरल्या होत्या. पायाला गुडघ्यापर्यंत गोणपाट बांधलेलं, हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. करडई पहाटेच काढावी लागते. दवानं काटा नरम असतो तोवर हात चालतो. उन्हं वर आली की तोच काटा सुईसारखा होतो. विळ्याच्या टोकानं झाड ओढायचं, बुडख्याशी धरायचं, कापायचं आणि मागे ठेवायचं. नऊ वाजले तशा बाया बांधावरच्या बाभळीखाली बसल्या आणि गाठोडी सुटली.

त्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी ज्वारीची भाकरी हातावर घेतली, मधोमध बोटानं खळगा केला, त्यात तिखट, मीठ आणि ठेचलेली लसूण टाकली. मग कमरेच्या पिशवीतून औषधाची एक छोटी बाटली काढली आणि टोपणानं मोजून दोन टोपणं पिवळंजर्द कच्चं तेल त्यावर सोडलं. टोपण भाकरीला पुसून घेतलं. मी विचारलं, “मावशी, मोजून का घेता?”

“बापू, घरची करडी हाय. पायलीभर बी ठेवलंय वर्साचं. मोजल्याबिगर कसं पुरंल?” मग एक घास खाऊन म्हणाल्या, “पर ह्याच्यानं भाकर पोटात दम धरती. दुपारपस्तोर भूक येत न्हाई.”

तेलानं भूक धरून राहते आणि तेलानं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, या दोन गोष्टींवर गेल्या सत्तर वर्षांत पुस्तकं खपली, गोळ्या विकल्या गेल्या, खटले चालले, मोठमोठे प्रयोग झाले. त्या सगळ्यांत करडईचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आणि ज्या जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण दिलं, त्याच जिल्ह्यात हे तेल आता शोधावं लागतं. हा लेख मी लिहायला घेतला तो या बोचणीपोटी.

करडईला संस्कृतात कुसुंभ म्हणतात. आपण ज्याला कुसुंबी रंग म्हणतो तो हिच्याच पाकळ्यांचा. पण मराठवाड्याला तिची ओळख रंगानं नाही, मुळानं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, परतीच्या पावसाची ओल जमिनीत असताना ती पेरतात. सोटमूळ खोल जातं आणि वरची माती भेगाळली तरी खालचं पाणी ओढत राहतं. साडेचार महिने एकही पाळी न देता उभं राहणारं पीक म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यानं तिला जपलं. कोवळी असताना पानांची भाजी, मोठी झाल्यावर कुंपण, वाळल्यावर तेल, आणि घाण्यातून उरलेली पेंड ढोरांना. एवढं सगळं एका बियात.

त्या बियातलं तेल सुमारे तीस टक्के. त्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर ते अठ्ठ्याहत्तर टक्क्यांपर्यंत असतं. हे बहुअसंपृक्त मेदाम्ल नेहमीच्या खाद्यतेलांत इतक्या प्रमाणात क्वचितच सापडतं. संपृक्त मेद जेमतेम दहा टक्के. शेजारी ठेवून बघा: पामतेलात निम्म्याच्या आसपास मेद संपृक्त, आपल्या भागातल्या सरकीच्या तेलात चौथ्या हिश्श्याएवढा. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्लाचा वाटा मोठा, सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक निम्म्याला थोडं वर.

हे आकडे शरीरात काय करतात? यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, उचलून आत घेणारी दारं असतात. ही दारं शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. जेवणात संपृक्त मेद वाढला की ही दारं मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. संपृक्ताच्या जागी लिनोलेइकसारखं मेदाम्ल आलं की दारं पुन्हा कामाला लागतात. ‘च्या जागी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. तुपा-डालड्याच्या जागी करडई आली तर एलडीएल उतरेल. तूप, डालडा, भजी सगळं तसंच ठेवून वरून दोन चमचे करडई प्यायली तर उष्मांक तेवढे वाढतील. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलं असतं, त्याबद्दलही एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातला पदार्थ. कुठल्याही वनस्पती तेलात तो नावापुरताच असतो. सगळ्यात स्वस्त पामतेलाच्या पिशवीवरही तेच लिहिता येतं.

आमच्याच घरात या एका शब्दानं घोळ घातला होता. माझ्या थोरल्या काकांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, हृदयाला चांगलं तेल वापरा, गोळीची गरज नाही. काकांनी महागडी बाटली आणली आणि गोळी बंद केली. तीन महिन्यांनी एलडीएल पुन्हा पूर्वीइतकं वर गेलं आणि जिना चढताना छातीत दुखू लागलं. वेळेवर तपासणी झाली म्हणून निभावलं. ज्यांच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असतं, त्यांच्या बाबतीत तेल बदलून मिळणारा फरक गोळीच्या मानानं फार थोडा असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, एवढं मी इथे हात जोडून सांगतो.

तेल हेच कोलेस्टेरॉलवरचं औषध, असं लोकांना वाटायला सुरुवात झाली ती दूर अमेरिकेत. १९५० च्या दशकात तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की वनस्पती तेलं खाल्ल्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. कॅलिफोर्नियात करडई व्यापारी पीक म्हणून लागू लागली. १९६१ साली हर्मन टॉलर नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरचं पुस्तक आलं, ‘कॅलरीज डोन्ट काउंट’. उष्मांक मोजू नका, तेल भरपूर खा, भूक आटोक्यात येईल आणि चरबी वितळेल, असं त्यांचं सांगणं. पुस्तक धडाधड खपलं. सोबत करडईच्या तेलाच्या छोट्या गोळ्या विकायला आल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९६२ मध्ये त्या गोळ्या आणि त्यांच्यासोबत विक्रीसाठी ठेवलेली पुस्तकं जप्त केली, आणि १९६७ मध्ये टॉलर टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपात दोषी ठरले. त्या गोळ्यांत तेल होतं थेंबभर. आमच्या मावशींच्या एका टोपणात त्याहून कितीतरी जास्त.

यानंतरची गोष्ट मात्र गंभीर आहे. ती सांगितल्याशिवाय करडईची बाजू मांडणं मला प्रामाणिक वाटत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी इथे १९६६ ते १९७३ या काळात ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. सगळे तीस ते एकोणसाठ वयाचे, सगळ्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा त्रास होऊन गेलेला. निम्म्यांच्या जेवणातला संपृक्त मेद काढून त्या जागी करडईचं तेल आणि करडईच्या तेलाचं मार्गरीन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण त्यांच्यात मृत्यू जास्त झाले: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. जुनी आकडेवारी पुन्हा बाहेर काढून ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे सविस्तर मांडलं, तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्यावर वाद झाला. त्या मार्गरीनमध्ये ट्रान्स फॅट असणार, दोष त्याचा असेल, असं अनेकांचं म्हणणं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ साली सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि संपृक्त मेदाच्या जागी बहुअसंपृक्त मेद घेतल्यानं हृदयविकार कमी होतो, हाच निष्कर्ष कायम ठेवला. मला यातून एवढंच दिसतं की तेल कशाच्या रूपात आणि किती प्रमाणात पोटात गेलं, यावर बरंच अवलंबून आहे. सिडनीच्या माणसांचा रोजचा मेदच करडईचा झाला होता. त्यात जवस नव्हतं, कारळ नव्हतं.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात होतं. करडईच्या तेलात ओमेगा-तीन जवळजवळ नसतंच. जवसाच्या तेलात त्याच गटातलं मेदाम्ल निम्म्याहून जास्त. परभणीकडच्या कुठल्याही जुन्या घरात जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट आणि तीळ ही मंडळी करडईच्या तेलासोबत एकाच ताटात असायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तज्ज्ञ आज हेच सांगतो: एकाच तेलाला चिकटू नका, तेलबिया, दाणे, डाळी यांतूनही मेद घ्या. आपल्याकडे हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागला नव्हता. रानात जे पिकलं ते पाट्यावर आलं.

आता त्या दोन टोपणांकडे येतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात मार्था बेल्युरी यांच्या गटानं रजोनिवृत्ती झालेल्या, लठ्ठ आणि मधुमेही स्त्रियांना रोज आठ ग्रॅम करडईचं तेल सोळा आठवडे दिलं. वजन फारसं हललं नाही, पण धडावरची चरबी घटली. पुढच्या मांडणीत, म्हणजे २०११ साली, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं आणि साखरेचं नियंत्रण सुधारलेलं दिसलं. अभ्यास छोटा, शेवटपर्यंत टिकलेल्या बाया पस्तीस. पण आठ ग्रॅम म्हणजे पोहे खायच्या नव्हे, चहाच्या चमच्यानं दोन चमचेही नाहीत. मावशींच्या दोन टोपणांशी ते जवळपास जुळतं. यावर कुणी ‘पोट कमी करणारं तेल’ म्हणून बाटली खपवली तर तो त्या अभ्यासावर अन्याय होईल, आणि तसं झालंही.

भुकेचं काय? मावशी म्हणाल्या ते खोटं नाही. मेद लहान आतड्यात पोचला की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठराला सांगतं, दमानं घे. जठर हळू रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याची खबर जाते. मेद लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचला तर तिथून दुसरा लगाम बसतो. बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ सेथ रॉबर्ट्स यांनी तर २००६ साली ‘द शांग्री-ला डाएट’ या पुस्तकात दोन जेवणांच्या मधे, आजूबाजूला कुठलीही चव नसताना, थोडं बेचव तेल पिण्याचा उपाय सांगितला होता. त्यानं भूक मरते, असा त्यांचा स्वतःवरच्या प्रयोगांवरून निघालेला निष्कर्ष. कित्येकांनी तो करून पाहिला.

पण याला दुसरी बाजू आहे. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठात जॉन ब्लंडेल यांच्या गटानं १९९० च्या दशकात दाखवलं की मेदानं भरलेले पदार्थ माणूस नकळत जास्त खातो. एक ग्रॅम मेदात नऊ उष्मांक, पिठात आणि डाळीत चार. तळलेली शेव मूठभर खाल्ली तरी पोटाला ती जाणवत नाही. तेवढेच उष्मांक भाकरी-वरणातून घ्यायचे तर चावून चावून जबडा दुखेल. म्हणून भूक धरून ठेवणारं तेल आणि भूक वाढवणारं तेल ही दोन वेगळी तेलं नाहीत. एकच तेल, कढईत पडलं की वेगळं वागतं आणि ज्वारीच्या जाड भाकरीवर पडलं की वेगळं. भाकरीतला तंतू, तिचं चावणं, सोबतचं घट्ट वरण आणि मग वरून चमचाभर मेद, या सगळ्यांनी मिळून दुपारपर्यंत भूक येत नाही. मराठवाड्यात दोनदाच जेवायच्या दीक्षित डाएटची चर्चा घराघरांत झाली. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ते श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून पुढे नेलं. ते जमलेल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाच्या ताटात भाकरी, डाळ आणि दाणे भरपूर आहेत. बिस्किटावर दोनदा जेवून कुणाचं भागलेलं मी पाहिलं नाही.

परभणी शहरात आता लाकडी घाणे पुन्हा दिसतात. एका घाण्यावर मी तासभर बसलो. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, बैलाच्या जागी मोटर. बी आधी कोरडं कुरकुरतं, मग ओलसर होतं, मग पेंडीचा गोळा काठाला चिकटायला लागतो आणि खालच्या तोंडातून धार सुरू होते. वास थोडा गवतासारखा, थोडा दाण्यासारखा. घाणेवाल्या दादांनी सांगितलं, दहा गिऱ्हाइकांत सात शेंगदाण्याची, दोन तिळा-खोबऱ्याची, एखादाच करडीचा. “आणि तो पन डॉक्टरनं सांगितलं म्हनून.” घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा चांगलं का, असं सगळे विचारतात. मेदाम्लं दोन्हींत सारखीच. रिफायनिंगमध्ये ई जीवनसत्त्व आणि वनस्पतीतले स्टेरॉल काही अंशी जातात, वास आणि चव जाते. पण घाण्याचं करडी तेल तळणीला घेऊ नका. एवढं लिनोलेइक उष्णतेनं लवकर बिघडतं. कढईच्या कडेला जो चिकट, वार्निशसारखा थर बसतो, तो याचाच. करडईचं तेल पूर्वी रंगकामाला वापरायचे ते याच गुणामुळे. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवण्याबद्दल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून ध्रुवीय संयुगांची पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती मोजतं कोण, हा प्रश्न प्रत्येक वडापावच्या गाड्यापाशी मला पडतो.

आणि किती खातो आपण? नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो दिला आहे. म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला राष्ट्रीय पोषण संस्था सांगते त्याच्या दुप्पट. देशाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यात पामतेल सगळ्यात पुढे. पाच लिटरचा कॅन चौघांच्या घरात महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल घरातच झालं. बाहेरचं वेगळं. हा हिशेब मी माझ्या घरी केला तेव्हा आमचा कॅन पंचविसाव्या दिवशी संपत होता.

मुंबईत १९६० च्या दशकात सफोला बाजारात आलं ते करडईचं तेल म्हणून. शहरातल्या हृदयरोग्यांच्या घरात ते औषधासारखं गेलं. आज त्या नावाखालच्या बाटल्यांत तांदळाच्या कोंड्याचं आणि इतर तेलांचं मिश्रण मोठ्या प्रमाणात असतं. कारण करडईच उरली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात नऊ-दहा लाख हेक्टरवर करडई होती आणि जगात आपला पहिला नंबर होता. आज ती लाख हेक्टरच्याही खाली आहे. पहिला नंबर कझाकस्तानकडे गेला. शहर हृदयासाठी हे तेल मागत होतं त्याच वर्षांत परभणीचा शेतकरी ते सोडत होता.

का सोडलं, हे बांधावर कुणीही सांगतं. खरिपात सोयाबीन आलं, त्यामागून हरभरा. हरभऱ्याला काटा नाही, मजूर नाही म्हणत नाही, खरेदी केंद्र सुरू होतं. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता आणि हरभऱ्याचा ५,६५०. कागदावर करडई वरचढ. पण गावाजवळ करडईची खरेदी नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. शिवाय मावा पडतो, आणि एकदा काटा अंगात मोडला की दोन दिवस हात चालत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली, तिच्यामुळे काढणी सुसह्य झाली. त्यावर एका शेतकऱ्यानं मला विचारलं, “काटा न्हाई तर ढोरं कोन थांबवील?” त्याचंही खरं आहे.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. करडईवरचं काम तिथे सलग चालू राहिलं. परभणी कुसुमनंतर ‘पूर्णा’ नावाचं वाण आलं, आपल्या नदीच्या नावाचं. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेनं ओलेइक आम्ल जास्त असलेली करडईची वाणंही दिली आहेत. ते तेल तापवलं तरी टिकतं, म्हणजे कढईचीही अडचण सुटू शकते. आता कंबाइन हार्वेस्टरनंही काढणी होऊ शकते, तिथे चिंध्या गुंडाळायची वेळ येत नाही. बी आहे, यंत्र आहे. विकत घेणारा दारात उभा नाही.

त्या वावराचे मालक, वयानं माझ्यापेक्षा थोडे मोठे, दुपारी बांधावर आले. मी त्यांना माझा महिन्याच्या कॅनचा हिशेब सांगितला. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि खताच्या रिकाम्या पिशवीवर मांडणी सुरू केली. चार माणसं, माणशी रोज पंचवीस ग्रॅम. वर्षाचं साडेछत्तीस किलो तेल. घाण्यावर क्विंटलला सव्वीस किलो पडतं म्हणाले, म्हणजे बी लागलं एकशे चाळीस किलो. कोरडवाहू एकरी चार क्विंटल धरू. मग पेन थांबलं.

“चौदा गुंठे,” ते म्हणाले. हिशेब पुन्हा वरून खाली तपासला. “चौदाच गुंठे लागतेत की हो.”

वावराच्या वरच्या अंगाला त्यांचा हरभरा घाटे भरून उभा होता. ते त्याच्याकडे बघत बसले. खाली बाया उरलेल्या दोन सऱ्या उद्या पहाटे काढू म्हणून विळे गोणपाटात गुंडाळत होत्या.